चकलीपासून क्राउनपर्यंत: अमेरिकेत परवडणारा डेंटल डिस्काउंट प्लॅन कसा निवडायचा

गेल्या दिवाळीत न्यू जर्सीतल्या आमच्या घरी सासूबाईंनी स्वतःच्याच हातची चकली खाल्ली आणि खालच्या उजव्या दाढेचा तुकडा पडला. "चकली कडक नव्हती हं, दाढच जुनी होती," हे त्यांनी आधी सांगून टाकलं आणि मग गाल धरून बसल्या. त्या दाढेचं रूट कॅनल काही वर्षांपूर्वी सांगलीत झालं होतं. कॅप (इथे तिलाच क्राउन म्हणतात) मात्र 'पुढच्या खेपेला बसवू' म्हणून राहून गेली होती. व्हिजिटर इन्शुरन्सवाल्यांना फोन केला. त्यांच्या कागदात अपघाताने झालेली इजा आणि अचानक उठलेली कळ थांबवण्यापुरता खर्च बसत होता. रूट कॅनल झालेल्या दाढेला सहसा कळ येत नाही, आणि चकली चावणं हा अपघात धरत नाहीत. घराजवळच्या दवाखान्यात चौकशी केली तर आकडा १९०० डॉलरच्या वर गेला.

पुढचे दोन आठवडे मी फोनवरच होते. त्यातून जे हाती लागलं ते इथे क्रमाने लिहिते आहे. विद्यार्थी, नोकरी गेलेले, स्वतःचा धंदा करणारे, ग्रीन कार्डावर आलेले आईवडील, मेडिकेअरवरचे (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा) निवृत्त लोक आणि सहा महिन्यांसाठी आलेले सासू-सासरे, अशा सगळ्यांना हे लागू पडेल. कंपनीचा चांगला डेंटल इन्शुरन्स असेल तर हा लेख सोडून द्या, तुमचं काम झालेलंच आहे.

हे नक्की असतं काय

डिस्काउंट प्लॅन म्हणजे विमा नाही. वर्षाची सभासद फी भरायची, एकट्यासाठी साधारण १०० ते २०० डॉलर. त्या बदल्यात प्लॅनच्या यादीतले डेंटिस्ट ठरवून दिलेल्या कमी दरात काम करतात. प्लॅनवाले डॉक्टरला एक सेंटही देत नाहीत. सगळं बिल आपणच भरायचं, आणि तेही बहुतेक ठिकाणी त्याच दिवशी, काउंटरवर. डॉक्टर कमी दराला का तयार होतो? त्याची खुर्ची रिकामी राहत नाही, पैसे रोख मिळतात आणि विमा कंपनीच्या मागे क्लेमचे कागद घेऊन धावावं लागत नाही, म्हणून.

डेंटल विम्याचं गणित वेगळं आहे. महिन्याला प्रीमियम, वर्षाला साधारण ५० डॉलरचं डिडक्टिबल (कंपनी द्यायला लागण्याआधी आपण भरायची रक्कम), आणि मग ओळखीचं १००-८०-५०: तपासणी आणि क्लीनिंगचे १०० टक्के, दात भरण्यासारख्या कामांचे ८० टक्के, क्राउन-ब्रिजसारख्या मोठ्या कामांचे ५० टक्के कंपनी देते. पण वर्षाची कमाल मर्यादा बहुतेकदा १००० ते २००० डॉलर असते, आणि स्वतः विकत घेतलेल्या पॉलिसीत मोठ्या कामांसाठी सहा ते बारा महिने थांबावं लागतं. विमा घेण्याआधीच पडलेल्या दाताच्या जागी नवा दात बसवायचा खर्च कित्येक पॉलिसी देतच नाहीत. म्हणजे आज तुटलेल्या दाढेला आज घेतलेला विमा सहसा कामाला येत नाही. डिस्काउंट प्लॅनला थांबणं नाही, वर्षाची मर्यादा नाही, जुन्या दुखण्याचा प्रश्न नाही. त्याची खरी जागा इथेच आहे: हातात विमा नाही आणि काम मोठं, लगेचचं आहे.

दोन गैरसमज आमच्याकडे सारखे ऐकू येतात. एक, 'मेडिकेअर मिळालं की दात त्यातच.' मूळ मेडिकेअरमध्ये नेहमीची दंतसेवा येत नाही. खासगी कंपन्यांचे मेडिकेअर अॅडव्हान्टेज प्लॅन बहुतेकदा थोडीफार देतात, तेवढंच. दोन, 'ओबामाकेअरमध्ये दात येतात.' मुलांची दंतसेवा त्या आरोग्यविमा कायद्यातल्या आवश्यक सेवांत धरलेली आहे, प्रौढांची नाही. आणि नोकरी नुकतीच गेली असेल तर प्लॅन शोधण्याआधी कोब्राचा (नोकरीतला विमा पुढे चालू ठेवू देणारा कायदा) कागद नीट वाचा. जुना डेंटल विमा सहसा १८ महिन्यांपर्यंत स्वतःच्या खर्चाने चालू ठेवता येतो आणि तो निर्णय घ्यायला ६० दिवस मिळतात. रूट कॅनल अर्ध्यावर असेल तर दोन-तीन महिने कोब्रा भरणं जास्त स्वस्त पडू शकतं.

पहिली पायरी: आधी दाढ कागदावर आणा

बहुतेक जण उलटं करतात. आधी वेबसाइटवर प्लॅन शोधतात, '६० टक्क्यांपर्यंत सूट' वाचून कार्ड काढतात आणि मग डॉक्टर शोधायला निघतात. मीही तेच केलं आणि पहिल्या प्लॅनचे पैसे परत मागावे लागले. क्रम असा हवा: आधी नेमकं काम काय ते, मग डॉक्टर, आणि प्लॅन सर्वात शेवटी.

काम कळायला एका तपासणीचा खर्च करावाच लागतो. एकाच दाढेसाठी जात असाल तर फोनवर 'फक्त या दाढेची तपासणी' असं सांगा. नाहीतर नवीन पेशंट म्हणून पूर्ण तोंडाची तपासणी आणि सगळे एक्स-रे होतात आणि बिल तिथेच फुगतं. अमेरिकेत प्रत्येक कामाला डेंटल असोसिएशनने ठरवलेला कोड असतो. त्रासापुरती तपासणी म्हणजे डी ०१४०, पूर्ण तपासणी डी ०१५०, सगळ्या तोंडाचे एक्स-रे डी ०२१०, मोठ्यांचं साधं क्लीनिंग डी १११०, दाढेचं रूट कॅनल डी ३३३०, सिरॅमिक किंवा झिरकोनियाचा क्राउन डी २७४०, तुटलेल्या दाढेवर क्राउन बसण्यासाठी खालून जो भराव घालतात ती बिल्ड-अप डी २९५०, साधा दात काढणं डी ७१४०. हे पाठ करायची गरज नाही. तपासणी झाल्यावर 'कोड आणि दाताच्या नंबरासकट ट्रीटमेंट प्लॅन छापून द्या' एवढं म्हणा. कुठलाही दवाखाना तो देतो.

दाताच्या नंबरावरून आमचा मजेशीर घोळ झाला. सांगलीच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ४६ लिहिलेलं. इथली रिसेप्शनिस्ट म्हणाली, माणसाला बत्तीस दात असतात, ४६ नंबरचा कुठून आणला? भारतात तोंडाचे चार भाग करून नंबर देतात. चौथा भाग, सहावा दात, म्हणून ४६. अमेरिकेत वरच्या उजव्या अक्कलदाढेपासून सुरुवात करून सलग १ ते ३२ मोजतात. तीच दाढ इथे ३०. जुने कागद दाखवताना हे लक्षात ठेवा: वरची उजवी पहिली मोठी दाढ तिकडे १६ आणि इथे ३, वरची डावी २६ आणि १४, खालची डावी ३६ आणि १९.

एक्स-रेची प्रत मागून घ्या. तो तुमचा हक्क आहे. ईमेलवर मिळाली तर दुसऱ्या डॉक्टरकडे पुन्हा एक्स-रेचे पैसे सहसा पडत नाहीत.

इथेच एक सावधगिरी. भारतातून आलेल्या आईवडिलांनी कित्येक वर्षांत दात साफ करून घेतलेले नसतात, आणि पहिल्याच भेटीत त्यांना 'डीप क्लीनिंग' सुचवलं जातं. त्याचा कोड डी ४३४१, आणि दर तोंडाच्या एका चतुर्थांश भागाचा असतो. चारही भाग केले की चौपट. कधी ते खरोखर लागतं, कधी नाही. हिरडी आणि दात यांच्यातली खोली प्रत्येक दातापाशी मोजतात. तो तक्ता मागा. ४ मिलिमीटर आणि त्याहून मोठे आकडे बऱ्याच ठिकाणी असतील आणि एक्स-रेत हाड खाली गेलेलं दाखवलं तर करून घ्या. आकडे न दाखवता नुसतं 'लागेल' म्हणत असतील तर दुसऱ्याचं मत घ्या.

दुसरी पायरी: डॉक्टरला फोन, वेबसाइटला नंतर

घरापासून जाता येईल अशा अंतरावरचे पाच-सहा दवाखाने काढा. आजीआजोबांसाठी शोधत असाल तर मराठी, हिंदी किंवा गुजराती बोलणारा डॉक्टर शोधणं ही चैन समजू नका. कुठे, कसं आणि कधीपासून दुखतं हे दुभाष्यामार्फत नीट सांगता येत नाही. एडिसन, सनीव्हेल, फ्रिस्को, नेपरव्हिल अशा वस्त्यांत असे डॉक्टर सापडतात.

फोनवर 'तुम्ही डिस्काउंट प्लॅन घेता का' असं विचारू नका. 'हो, घेतो' या उत्तराला काही अर्थ नसतो. एकच जाळं (करार केलेल्या डॉक्टरांचं नेटवर्क) वेगवेगळ्या नावांनी विकलं जातं. बाजारात केअरिंग्टन, एटना डेंटल अॅक्सेस, सिग्नाचा डेंटल सेव्हिंग्ज, डेल्टा डेंटलचा पेशंट डायरेक्ट अशी नावं दिसतात, आणि डेंटलप्लॅन्स डॉट कॉमसारखी संकेतस्थळं यांतले पुष्कळ प्लॅन एकत्र विकतात. कार्डावर छापलेलं विक्रेत्याचं नाव आणि आतलं जाळं वेगळं असू शकतं. डॉक्टरचा करार जाळ्याशी असतो. म्हणून असं विचारा:

तुमचे कुठले डॉक्टर कुठल्या डिस्काउंट जाळ्यात आहेत? एकाच दवाखान्यातले दोन डॉक्टर वेगळे असू शकतात.

त्या जाळ्याच्या दराने डी २७४० आणि डी २९५० चे किती डॉलर होतील? प्लॅन नसेल तर किती?

लॅबचा खर्च वेगळा लावता का?

रोखीने, विम्याशिवाय येणाऱ्यांना तुमची स्वतःची काही सूट आहे का?

प्लॅनच्या वेबसाइटवरची डॉक्टरांची यादी शिळी असते, हे गृहीत धरूनच चाला. मला यादीतले पहिले तीन दवाखाने 'आम्ही ते दोन वर्षांपूर्वी सोडलं' असं म्हणाले. फोन ठेवण्याआधी बोलणाऱ्याचं नाव आणि तारीख वहीत लिहून ठेवा. पुढे काउंटरवर वाद झाला तर तेच उपयोगी पडतं.

तिसरी पायरी: टक्के सोडा, डॉलर पाहा

सगळा खेळ इथे आहे. प्लॅन दोन जातींचे असतात. एका जातीत प्रत्येक कोडसमोर ठरलेला दर छापलेला असतो, तुमच्या झिप कोडप्रमाणे. दुसऱ्या जातीत 'डॉक्टरच्या नेहमीच्या दरावर इतके टक्के सूट'. दुसरी जात ऐकायला गोड लागते, पण 'नेहमीचा दर' ठरवणारा डॉक्टरच असतो.

आमच्याच फोनांतलं उदाहरण घ्या. पहिल्या दवाखान्याचा क्राउनचा नेहमीचा दर १९०० डॉलर. प्लॅनची सूट २० टक्के, म्हणजे १५२०. दोन मैलांवरच्या दुसऱ्या दवाखान्याचा, कुठलाही प्लॅन नसताना, दर १४५०. सूट घेऊनही आपण ७० डॉलर जास्त देणार होतो. हे आकडे आमच्या भागातले, तुमच्याकडे वेगळे येतील, पण सापळ्याची रचना सगळीकडे हीच. तुमच्या झिप कोडात कुठल्या कामाला साधारण किती घेतात ते फेअर हेल्थ कन्झ्युमर या ना-नफा संकेतस्थळावर कोड टाकून फुकट पाहता येतं. त्या आकड्याशी दवाखान्याचा 'नेहमीचा दर' ताडून बघा.

शेवटी आम्ही ज्या दवाखान्यात गेलो तिथलं गणित असं होतं. प्लॅनशिवाय: क्राउन १४५०, बिल्ड-अप ३२०, तपासणी आणि एक्स-रे १५०, एकूण १९२०. दवाखान्याची स्वतःची रोखीची १० टक्के सूट धरली तर १७२८. प्लॅनच्या छापील दराने: क्राउन ८६०, बिल्ड-अप १७०, तपासणी आणि एक्स-रे ६५, एकूण १०९५. प्लॅनची फी १५० आणि नोंदणीचे २० मिळवले की १२६५. १७२८ मधून १२६५ गेले, उरले ४६३. तुलना १९२० शी करायचा मोह होतो, विक्रेते तेच करायला लावतात. खरी तुलना फुकटात मिळणाऱ्या सर्वात कमी दराशी करायची.

याउलट, दात धड आहेत, वर्षातून दोनदा क्लीनिंग तेवढं हवं, असं असेल तर हा प्लॅन बहुधा तुमच्यासाठी नाही. तुमच्यासाठी काय ते पुढे सांगते.

चौथी पायरी: स्पेशालिस्टचं विचारा

छापील दर बहुतेक प्लॅनमध्ये सामान्य डेंटिस्टपुरते असतात. मागच्या दाढेचं अवघड रूट कॅनल, आडवी अक्कलदाढ किंवा हिरडीची शस्त्रक्रिया असली की डॉक्टर स्पेशालिस्टकडे पाठवतो, आणि तिथे 'नेहमीच्या दरावर १५ ते २५ टक्के' असा दुसराच नियम लागतो. म्हणजे आपण छापील दर बघून प्लॅन घेतला आणि सगळ्यात मोठं बिल टक्क्यांच्या खात्यात गेलं. ट्रीटमेंट प्लॅन हातात आला की लगेच विचारा: यातलं कुठलं काम तुम्ही स्वतः करणार आणि कुठलं बाहेर पाठवणार? बाहेरच्याचं नाव घ्या आणि तोही त्याच जाळ्यात आहे का ते पाहा. इम्प्लांट आणि मुलांच्या दातांच्या तारा यांचंही तसंच. कित्येक दरपत्रकांत त्यांची नावंच नसतात.

पाचवी पायरी: बारीक अक्षरं

कार्ड चालू कधी होतं? काही प्लॅन त्याच दिवशी, काही दोन-तीन दिवसांनी. त्याच्या आधी केलेल्या कामाला सूट नाही. आधीच सुरू झालेलं काम, म्हणजे अर्धवट रूट कॅनल किंवा मोजमाप घेऊन झालेला क्राउन, बहुतेक ठिकाणी धरत नाहीत. त्यामुळे कळ उठली म्हणून आज खुर्चीत बसलात आणि उद्या प्लॅन घेतलात तर उपयोग नाही.

'फॅमिली' म्हणजे कोण? काही प्लॅन एका घरात राहणाऱ्या सगळ्यांना घेतात, आईवडील धरून. काही फक्त जोडीदार आणि मुलं म्हणतात. पाहुणे आलेल्या आईवडिलांसाठी घेत असाल तर हे लेखी विचारा. शिवाय इथला पत्ता पुरतो का, सोशल सिक्युरिटी नंबर लागतो का, तेही. सासूबाईंचा प्लॅन आम्ही त्यांच्या एकटीच्या नावाने घेतला, तेच सोपं पडलं.

तुमच्या राज्यात तो विकला जातो का? प्रत्येक प्लॅन सगळ्या राज्यांत नसतो. कार्ड एका राज्यात काढून नोकरीसाठी दुसरीकडे जाणाऱ्यांनी नव्या गावातली डॉक्टरांची यादी आधी पाहावी.

पैसे परत? पुष्कळ राज्यांत पहिल्या ३० दिवसांत रद्द केला तर सभासद फी परत द्यावी लागते, नोंदणीचं शुल्क मात्र ठेवून घेऊ शकतात. माझ्या पहिल्या प्लॅनचे पैसे असेच सुटले. फोनवरच्या बाईंनी तीनदा 'एक महिना वापरून तर बघा' म्हटलं. मी ईमेल पाठवली आणि तिची प्रत ठेवली.

दरवर्षी आपोआप नूतनीकरण होतं. क्रेडिट कार्डावरून परस्पर पैसे जातात आणि सहा महिन्यांसाठी आलेले पाहुणे तोवर कोल्हापुरात असतात.

सहावी पायरी: खरा की खोटा

आधी तुमच्या राज्याच्या विमा खात्याच्या संकेतस्थळावर कंपनीचं नाव शोधा. टेक्सस, फ्लोरिडा अशा राज्यांत डिस्काउंट प्लॅन चालवणाऱ्यांना नोंदणी किंवा परवाना घ्यावाच लागतो. खऱ्या प्लॅनच्या कागदावर 'हा विमा नाही' असं स्पष्ट लिहिलेलं असतं. ते वाक्य दिसलं तर दचकू नका, ते असणंच चांगलं लक्षण आहे. उलट जो फोनवर 'इन्शुरन्ससारखंच आहे, सगळं कव्हर होतं' म्हणतो, आज रात्रीपर्यंतच भाव आहे म्हणतो, दरपत्रक पाठवायच्या आधी बँक खात्याचा नंबर मागतो, त्याचा फोन ठेवून द्या. फसवणूक झालीच तर राज्याच्या विमा खात्याकडे आणि फेडरल ट्रेड कमिशनकडे तक्रार करता येते.

प्लॅन न घेता भागतं का?

कित्येकदा भागतं, आणि विकणारे हे सांगत नाहीत.

दवाखान्याची स्वतःची सभासदी हा प्रकार आता खूप ठिकाणी आहे. वर्षाला साधारण ३०० ते ४५० डॉलर, त्यात दोन क्लीनिंग, तपासण्या आणि नेहमीचे एक्स-रे आले, बाकी कामांवर १० ते २० टक्के सूट. दात धड असलेल्यांना हेच बरं. फक्त त्याच एका दवाखान्याशी बांधून घ्यावं लागतं.

दंतमहाविद्यालयं हा माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित पर्याय. न्यू यॉर्कला एनवाययू, नेवार्कला रटगर्स, बॉस्टनला टफ्ट्स, डॅलसला टेक्सस ए अँड एम, सॅन फ्रान्सिस्कोला यूसीएसएफ. विद्यार्थी काम करतात, प्राध्यापक प्रत्येक टप्पा तपासतात, दर खासगीपेक्षा बरेच कमी. वेळ मात्र जातो. क्राउनसाठी चार-पाच फेऱ्या, प्रत्येक फेरी दोन-तीन तासांची. परतीचं तिकीट तीन आठवड्यांवर असेल तर जमणार नाही. विद्यार्थ्यांनी, विशेषतः ज्यांच्या विद्यापीठातच दंतमहाविद्यालय आहे त्यांनी, आधी तिथे चौकशी करावी.

सरकारी अनुदानावर चालणारी कम्युनिटी हेल्थ सेंटर्स उत्पन्नाप्रमाणे फी लावतात. उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या दुपटीपर्यंत असेल तर सवलत मिळते, आणि रेषेच्या खाली असेल तर नाममात्र फी. २०२५ साली एकट्या माणसासाठी ही रेषा, अलास्का आणि हवाई सोडून, १५,६५० डॉलर होती. पैसे नाहीत म्हणून तिथे कुणाला परत पाठवत नाहीत. सगळ्या केंद्रांत दंतविभाग नसतो, तेवढं फोनवर विचारा.

आणि आपला सगळ्यांचा आवडता प्लॅन: 'डिसेंबरला पुण्याला गेलो की करू.' कवळी, जुना क्राउन बदलणं, न दुखणारी किडलेली दाढ, यांना तो चालतो. पण सुट्टी तीन आठवड्यांची, त्यातलं एक लग्न, दोन देवदर्शनं. रूट कॅनल आणि कॅप मिळून दहा-बारा दिवस धरावे लागतात, म्हणून पोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी खुर्चीत बसा. इम्प्लांट हाडात रुजायला साधारण तीन ते सहा महिने लागतात, म्हणजे दोन खेपा. आणि गाल सुजला, ताप आला, तोंड उघडेना किंवा गिळताना त्रास व्हायला लागला तर पुणे विसरा, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होत असेल तर थेट इमर्जन्सी. नुसत्या दाढदुखीसाठी मात्र हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जाण्यात अर्थ नसतो. तिथे बहुधा अँटिबायोटिक आणि वेदनाशामक देऊन डेंटिस्टकडे जा म्हणतात, आणि त्याचं बिल दाढेच्या कामापेक्षा मोठं येऊ शकतं.

खुर्चीत बसण्याआधी

२०२२ पासून अमेरिकेत विम्याशिवाय, स्वतःच्या पैशाने उपचार घेणाऱ्याला लेखी खर्चाचा अंदाज मागण्याचा हक्क आहे. 'गुड फेथ एस्टिमेट' म्हणतात त्याला, आणि तो डेंटिस्टलाही लागू आहे. डिस्काउंट प्लॅन हा विमा नसल्यामुळे आपण या हक्कात बसतो. मागितल्यावर तीन कामाच्या दिवसांत तो मिळाला पाहिजे. प्रत्यक्ष बिल त्या अंदाजापेक्षा ४०० डॉलर किंवा जास्त आलं तर बिल मिळाल्यापासून १२० दिवसांत केंद्र सरकारकडे दाद मागता येते. त्याची फी २५ डॉलर. आम्हाला तिथवर जावं लागलं नाही, पण तो शब्द उच्चारल्यावर काउंटरवरचा सूर बदलला, हे खरं.

त्या अंदाजावर प्लॅनचे दर छापलेले आहेत ना, हे दरपत्रकाशी ओळीओळीने ताडून पाहा. ट्रीटमेंट प्लॅनमध्ये नसलेला एखादा कोड हळूच आला असेल तर तो काय म्हणून विचारा. आमच्या कागदावर ४५ डॉलरची एक जास्तीची ओळ होती. विचारल्यावर ती चुकीने आली होती म्हणून काढून टाकली.

पैसे कमी पडत असतील तर काउंटरवरच एखादं हेल्थकेअर क्रेडिट कार्ड पुढे करतात, 'सहा महिने बिनव्याजी.' त्यातली मेख अशी की मुदतीत शेवटचा डॉलरसुद्धा फेडायचा राहिला तर पहिल्या दिवसापासूनचं व्याज एकदम लागतं. या क्षेत्रातल्या सर्वात नावाजलेल्या केअरक्रेडिट कार्डाच्या बाबतीत, ग्राहकांना अटी नीट न सांगितल्याबद्दल, २०१३ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण विभागाने ३.४१ कोटी डॉलरपर्यंत परतावा द्यायला लावला होता. त्यापेक्षा दवाखान्यालाच दोन-तीन हप्ते विचारा. नोकरीवाल्या मुलाच्या किंवा सुनेच्या एचएसएतून (आरोग्यखर्चासाठीचं करसवलतीचं बचत खातं) आईवडिलांचं बिल भरायचा विचार असेल तर आई किंवा वडील करासाठी तुमच्यावर अवलंबून धरले जातात का, ते आधी हिशेबनिसाला विचारा. व्हिजिटर व्हिसावरच्या आईवडिलांच्या बाबतीत ते सहसा बसत नाही.

सासूबाईंची कॅप दोन फेऱ्यांत बसली, मधले पंधरा दिवस तात्पुरत्या कॅपवर काढले. त्या काळात चकलीचा डबा माळ्यावर. फेब्रुवारीत त्या परत निघाल्या तेव्हा एक्स-रे, क्राउनचं मटेरियल लिहिलेला कागद आणि बिल एका फाइलीत घालून दिलं. इथल्या डॉक्टरने सगळीकडे ३० लिहिलं होतं. सांगलीच्या डॉक्टरांसाठी मी प्रत्येक ३० च्या शेजारी निळ्या पेनाने ४६ लिहिलं. प्लॅनच्या नूतनीकरणाची तारीख नोव्हेंबरची आहे. तो रद्द करायची आठवण फोनमध्ये एक ऑक्टोबरला लावून ठेवली आहे.